दार लावायची ओळ

सत्यम, दार लोटू नकोस. वारा येतोय हे मलाही कळतंय, म्हातारा झालो म्हणून माझं कातडं गेंड्याचं नाही झालेलं. असू दे उघडं. गोष्ट संपली की तूच ठरव काय करायचं ते. आणि सृष्टी, तो मोबाईल पालथा ठेव आधी. खालून उजेड पडला की तूच भूत दिसतेस.

हसा. माझी सगळी उमर मळवलीच्या बंगल्यांची वायरिंग करण्यात गेली. लोक म्हणायचे, बंगल्यात रात्री दिवे आपोआप लागतात, पंखे आपोआप फिरतात. मी शिडी लावून बघायचो तर उंदरानं वायर कुरतडलेली असायची. त्यामुळे भुतांवर माझा फारसा विश्वास नाही. पण उमेशच्या घरी जे झालं ते उंदराचं काम नव्हतं.

उमेश म्हणजे लोहगडवाडीच्या सावित्राबाईंचा मुलगा. मळवली स्टेशनावरून भाजे गावाच्या पुढं लोहगडाचा चढ सुरू होतो ना, तिथं डाव्या हाताला एक जुना बंगला आहे. त्याची राखण तो करतो. बंगल्यामागं त्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत चूल आणि गॅस, मागच्या खोलीत झोपायचं. घरात तो, बायको सुषमा आणि मुलगी आरती. बस, एवढीच माणसं आहेत गोष्टीत.

नाही, अजून एक आहे. मॅडम.

बंगला मॅडमचा. फ्रान्सची बाई. नवरा इकडचा, इंजिनिअर होता. तो वारला तरी ही परत गेली नाही. पायात रबरी बूट घालून आवारात फिरायची, प्लंबरला मराठीत झापायची, मला 'वायरवाला' म्हणायची. तिचा स्वयंपाक सावित्राबाई करायच्या. रोज दिवेलागणीला मॅडम स्वतः हातानं खिडक्यांची लाकडी दारं लावत बंगल्याला वळसा घालायची, आणि लावता लावता एक गाणं म्हणायची. तिच्या गावाकडचं, फार जुनं. शब्द आपल्याला कळायचे नाहीत, पण चाल अशी साधी की दोनदा ऐकली की आपणही गुणगुणायला लागायचो.

ते गाणं देवाचं नव्हतं की लग्नाचं नव्हतं. रोजच्या कामाचं होतं. तिचं गाव दलदलीच्या कडेला. आपल्याकडं आषाढात खिंडीतून धुकं उतरतं ना, तसं तिकडं थंडीत उतरायचं. स्वतःचा हात स्वतःला दिसायचा नाही. मग घरातली बाई दारात उभी राहून गाण्याची एक ओळ म्हणायची. बाहेर जो कुणी असेल, नवरा असो की पोर, तो धुक्यातून पुढची ओळ म्हणायचा. परत बाई, परत तो. असं ओळीओळीनं माणूस घराकडं यायचं. उंबऱ्यात आलं की बाईनं त्याचा हात हातात धरायचा, आणि मग शेवटची ओळ दोघांनी मिळून म्हणून दार लावायचं. पाव मळताना तेच गाणं, पाळणा हलवतानाही तेच.

सावित्राबाईंनी मॅडमकडून अर्थ समजून घेतला आणि त्या चालीवर आपले शब्द बसवले. दारातल्या बाईनं म्हणायचं, 'कुटं हाईस रं, दिवा लावलाय.' बाहेरच्यानं म्हणायचं, 'येतुया गं येतुया, वाट वल्ली हाय.' परत, 'कुटं हाईस रं, भाकर वाढलीय.' 'येतुया गं येतुया, पाय भिजल्यात.' आणि हात हातात आला की शेवटची: 'दार लाव आता, समदी घरात हाईत.'

वाडीत ते असं रुजलं की आता कुणाला सांगितलं हे परदेशी आहे, तर मारायला उठतील. भातलावणीला बायकांची एक रांग पहिली ओळ म्हणते, दुसरी रांग उत्तर देते. पोरं निजवायला तेच. धुक्यात म्हशी बोलवायला तेच. म्हशी उत्तर देत नाहीत, पण येतात. गडावर वाट चुकलेल्या पुण्या-मुंबईच्या पोरांना हॉटेलवाल्या बायका याच गाण्यानं खाली आणतात. नियम मात्र सगळे पाळतात. हात हातात आल्याशिवाय शेवटची ओळ म्हणायची नाही. आणि एकदा सुरू केलेलं गाणं पुरं झाल्याशिवाय पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं नाही.

गंमत म्हणजे मॅडम स्वतः शेवटची ओळ कधीच म्हणायची नाही. मी तिच्या पोर्चमध्ये स्टुलावर उभा राहून कितीदा ऐकलंय. शेवटची खिडकी लागायची आणि गाणं तिथंच थांबायचं. शिंक येता येता राहावी तसं व्हायचं मला. एकदा न राहवून विचारलंच, "मॅडम, पुढचं?"

म्हणाली, "पुढचं नाही. अजून एक यायचा आहे."

मला वाटलं, नवऱ्याबद्दल बोलतेय. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं. मी आपला बल्ब बसवून खाली उतरलो.

मॅडम वारली. बंगला मुंबईच्या पुतण्याकडं आला आणि तो शनिवार-रविवार भाड्यानं द्यायला लागला. आता ती रात्र सांगतो. दोन हजार चोवीस साल, आषाढातली अवस, रविवार.

दिव्याची अवस म्हणजे घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, पूजा करायची, गूळ घालून कणकेचे दिवे उकडायचे आणि तूप लावून पोरांना द्यायचे. आणि पाहुण्यांच्या लेखी तीच गटारी. त्या दिवशी लोणावळ्यापासून मळवलीपर्यंत एक बंगला रिकामा नसतो. उमेशकडं पुण्याची आठ पोरं उतरली होती. बिचाऱ्या सुषमानं एकाच चुलीवर दोन्ही सण सांभाळले. इकडं कणकेचे दिवे उकडले, तिकडं पाहुण्यांची मच्छी तळली, आणि अंधार पडल्यावर भाकऱ्या थापायला बसली.

आरती तेव्हा सहा वर्षांची. समोरचे वरचे दोन दात नुकतेच पडलेले. काही खायचं म्हटलं की तोंड वाकडं करून बाजूच्या दातांनी चावायची. पूजा झाल्या झाल्या तिनं एक दिवा असाच कडेकडेनं कुरतडून ताटलीत ठेवला होता. 'नंतर खाईन' म्हणाली. दुसरा अख्खा, तोही तिच्यासाठीच शेजारी ठेवला होता.

पाहुण्यांचा बर्फ संपला. त्यांनी उमेशला मळवलीला पिटाळलं. तो गाडी काढून फाटकापर्यंत गेला तर आरती मागं धावत आली.

"बाबा, म्या बी."

"धुकं बग केवडं हाय. जा घरात. आय हाक मारंल, मंग ओ दे."

एवढं म्हणून तो गेला. पोरगी फाटकात उभी राहून गाडीचा लाल दिवा बघत राहिली. दिवा धुक्यात बुडाला तशी ती आणखी थोडी पुढं गेली. मग आणखी थोडी. त्या वयात पोरं जातात तशीच.

आणि लाईट गेली.

पाहुण्यांपैकी एकानं मला फोन केला. इकडं सुदुंबऱ्यात मी जेवायला बसलो होतो. त्याला म्हटलं, बाबा, या धुक्यात मी खांबावर चढत नाही. सकाळी येतो.

सुषमा चुलीपुढं होती. खोलीत चुलीचा जाळ आणि पाटावरचे दिवे, एवढाच उजेड. दाराकडं तिची पाठ. पलीकडं बंगल्यात पोरांनी बॅटरीवरचा स्पीकर मोठ्यानं लावला होता. आरती दिसेना म्हणून तिनं बसल्या जागेवरून पहिली ओळ म्हटली.

'कुटं हाईस रं, दिवा लावलाय…'

लांबून उत्तर आलं. आरतीचाच आवाज. 'येतुया गं येतुया…' सुषमाचा जीव भांड्यात पडला. तिनं पुढची ओळ म्हटली. पुन्हा उत्तर आलं, आणि या वेळी ते बरंच जवळून आलं. स्पीकरच्या धडधडीत शब्द नीट लागले नाहीत. चाल तेवढी लागली.

बंगल्यातून कुणीतरी ओरडलं, "ताई, भाकऱ्या!"

तव्यावरची करपायला लागली होती. तिनं उलथनं घेतलं. तेवढ्यात मागून पावलं आत आली. ओली, छोटी. काहीतरी कडक वाजत होतं पायात, टक टक. पाहुण्यांचे बूट-चपला पायात घालून मिरवायची आरतीला सवय होती. पावलं पाठीमागून गेली. ताटली खडखडली. मग मागच्या खोलीत, अंधारात, खाण्याचा आवाज.

"खा," सुषमा वळून न बघता म्हणाली. "दोन्ही तुजंच हाईत."

आणि तिनं शेवटची ओळ म्हटली. हातात उलथनं होतं, भाकरी करपत होती, पोरगी आत आली होती. तिनं मोठ्यानं, सवयीनं म्हटली, 'दार लाव आता, समदी घरात हाईत.' आणि पायानं दार ढकलून लावलं.

हात धरला नव्हता.

उमेश बर्फ घेऊन आला तेव्हा स्पीकर बंद पडला होता. त्यानं विचारलं, "आरती?"

"आत हाय की. निजली आसंल."

उमेश टॉर्च घेऊन मागच्या खोलीत गेला. गोधडी अंथरलेली. गोधडीवर कुणी नाही. मध्ये ओली जागा, लहान पोर बसावं एवढी. तिच्याशेजारी ताटली. ताटलीत आरतीनं कडेकडेनं कुरतडलेला दिवा, तसाच. आणि तो दुसरा, अख्खा होता तो… चावलेला. समोरून. मधोमध. समोरच्या वरच्या दातांच्या खुणा कणकेत उमटलेल्या. सगळ्या दातांच्या, एकही कमी नाही.

"सुषमा," उमेश म्हणाला. "आरतीला समोरचं दात कुटं हाईत?"

तिनं ताटलीकडं बघितलं. दाराकडं बघितलं. मग जी किंचाळली ती बंगल्यातल्या आठही पोरांची उतरली.

पोरं वाईट नव्हती. दोन गाड्या काढल्या, चढावर वर-खाली केल्या, हॉर्न वाजवले. पण धुक्यात हेडलाईट म्हणजे पांढरी भिंत समोर उभी राहते. हॉर्नमुळं पोरीचा आवाज असलाच तरी कुणाला ऐकू आला असता? उमेशनं त्यांच्या पाया पडून गाड्या बंद करवल्या.

मग तो एकटा रस्त्यावर उभा राहिला आणि त्यानं पहिली ओळ म्हटली.

उत्तर नाही.

पुन्हा म्हटली. फाटकापासून भाज्यापर्यंत म्हणत गेला, म्हणत परत आला. शेताच्या बांधांवरून गेला. विहिरीत टॉर्च मारला. कठड्याला धरून वाकला तेव्हा, मला म्हणाला, आबा, मला विहिरीत काही दिसू नये असंही वाटत होतं, आणि काहीतरी दिसून हे एकदाचं संपावं असंही वाटत होतं. घसा बसला. गाणं गेलं, नुसता श्वास उरला. खाली ओढा फुगून आवाज करत होता. एवढा आवाज. आणि त्यात एवढीशी पोर.

गाण्याला उत्तर मिळणारच नव्हतं रे. ते गाणं हात न धरताच बंद केलं होतं ना. आईनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, सगळी घरात आहेत. आणि दार लावलं होतं.

शेवटी त्यानं लोहगडवाडीला आईला फोन लावला. स्पीकरवर टाकला. सुषमा शेजारी उभी होती.

सावित्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं. "सुषमा, त्वा हात धरलावता?"

"भाकर करपत व्हती, आत्या…"

"मॅडमच्या आयचा बी पावच करपत व्हता," सावित्राबाई म्हणाल्या.

"काय?"

"धाकटा भाऊ व्हता तिचा. पाच वर्साचा. पायात लाकडाचं बूट, तिकडं घालत्यात तसं. आसंच धुकं. आयनं बोलीवला, त्यानं भाईरनं ओ दिली. पाव जळाया लागला म्हून तिनं हात न धरताच शेवटची ओळ म्हनली, दार लावलं. मागं बगती तर घरात कुनी न्हाई. त्यो परत गावलाच न्हाई. मॅडमनं मला एकदाच सांगितलं. तवापास्नं ती त्येला बोलवीत व्हती. रोज. हितं आली तरी बोलवीत व्हती."

"आये, त्येचा आमचा काय संबंद?" उमेश ओरडला. "आत कोन आलं व्हतं?"

"पाच वर्साचं प्वार, उमेश. त्येची पावलं केवडी. लांबनं यायचं व्हतं. आता पोचलं…"

सुषमानं तोंडात पदर कोंबला.

"दार उगड," सावित्राबाई म्हणाल्या. "आन् त्येचा हात धर. त्येच्याबिगर ते गानं पुरं हुनार न्हाई, आन् दुसरं सुरू हुनार न्हाई. तुजी पोर ऐकनार न्हाई. जा."

फोन बंद झाला.

सुषमा घरात गेली. उमेशला तिनं दारात थांबवलं. तो मला म्हणाला, मी बाप आहे, पण माझी आत जायची छाती झाली नाही. ती मागच्या खोलीत अंधारात खाली बसली. टॉर्च नको म्हणाली. आणि तिनं हात पुढं केला.

"बाळा," ती म्हणाली. "तू कुनाचा हाईस मला ठाव न्हाई. म्या तुजी आय न्हाई. पर माजी भाईर हाय रं…"

काही नाही.

कुठंतरी पाणी गळत होतं. थेंब… थेंब… छपरातून नाही. खोलीच्या कोपऱ्यातून.

"ये. हात दे."

थेंब थांबले.

टक. टक.

सुषमा सांगते, हात आधी बोटांना लागला. गार. विहिरीच्या पाण्यात ठेवलेल्या दुधाच्या लोट्यासारखा गार. एवढासा. मग तिच्या मुठीत आला आणि तिनं मूठ मिटली. तिला वाटलं, आपण आता मरणार. पण त्या हातानं काही केलं नाही. नुसता घट्ट धरून राहिला. पोरं गर्दीत धरतात तसा.

ती उठली. बाहेर आली. उमेशनं टॉर्च मारला. बायकोचा उजवा हात खाली सोडलेला, मूठ अर्धी मिटलेली. मुठीत काही नव्हतं. पण खांदा एका बाजूला ओढलेला होता… कुणीतरी लोंबकळत चालल्यासारखा.

तो तिच्या मागं मागं चालू लागला.

सुषमा चढाच्या रस्त्याला लागली. ती म्हणते, मी नाही लागले, मला ओढलं. धुक्यात तिनं पहिली ओळ म्हटली. रडत म्हटली. उत्तर आलं नाही. पुन्हा पुढची. नाही. ओढ्याचा आवाज वाढत चालला होता.

"आरते… ओ दे गं. येकदा ओ दे…"

नाही.

मग तिच्या कमरेजवळून कुणीतरी गायलं.

उमेशनंही ऐकलं ते. बारीक, थंडीनं फाटलेला आवाज. मॅडमच्या भाषेतला. चाल तीच. पण ती उत्तराची ओळ नव्हती. पहिली होती. हाक मारायची. ज्याला आजवर सगळे बोलवत होते, तो आता बोलवत होता.

ओढा वाहत होता…

आणि पुढून, मोरीपाशी, रडत रडत:

'येतुया गं… येतुया… वाट वल्ली हाय…'

रस्त्याखालून ओढा जातो तिथं मोरीचा दगडी कठडा आहे. त्या कठड्याच्या आडोशाला आरती बसली होती, ओढ्याच्या बाजूला. पाणी तिच्या पायांना लागत होतं. उमेशनं झेप घालून तिला उचललं. सुषमानं डाव्या हातानं तिचा हात धरला. उजवा सोडला नाही.

पोरगी आईकडं जाईना.

"आये, त्वा दार लावलंस," म्हणाली. "म्या येत व्हते. म्या ओ देत व्हते. मंग त्वा म्हनलंस, समदी घरात हाईत. म्हून म्या आजीकडं निगाले."

पोरांनो, सुषमाचं रडणं मी ऐकलेलं नाही. उमेशनं सांगितलं तेवढ्यानं माझे डोळे भरून आले होते, आत्ताही येतात. सहा वर्षांच्या पोरीनं काय समजायचं? घरात दुसरं कुणी आलं, आपली जागा भरली, आईनं दार लावलं. मग आजीकडं जायचं. तो चढ, ते धुकं, तो ओढा. आणि पोरगी चालत निघाली होती.

परतीला थोडं चालल्यावर आरतीनं आईच्या उजव्या हाताकडं बघितलं.

"आये, ह्यो कोन?"

उमेशनं पोरीचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं.

घराच्या उंबऱ्यात आले. उमेशनं आरतीला आत ठेवलं. ती पाटावरच्या दिव्यांपाशी जाऊन बसली. सुषमा उंबऱ्यातच उभी.

"म्हन आता," उमेश म्हणाला. "शेवटची म्हन आन् दार लाव. सोड त्येला."

ती उभीच.

"सुषमा, सोड. हात जोडतो."

"भाईर सोडून म्हनू?" ती म्हणाली. "समदी घरात हाईत म्हून? ह्येच्या कानादेकत? दुसऱ्यांदा?"

"मंग आत घेनार हाईस? आपली ल्हान पोर हाय घरात!"

त्याचं चुकत नव्हतं. तिचंही चुकत नव्हतं. आत घ्यायची तिची हिंमत होईना, बाहेर लोटायला हात उठेना. पहाटेपर्यंत ती तशीच उंबऱ्यात, आधी उभी, मग बसून. उमेश आरतीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेला. उजाडायला आलं तेव्हा तिची मूठ रिकामी झाली. कधी झाली, कुठल्या बाजूला गेला, आत की बाहेर… तिला कळलं नाही.

मी सकाळी शिडी घेऊन पोचलो. पाहुण्यांच्या गाड्या गेलेल्या. सुषमा उंबऱ्यात बसलेली, उजवा हात मांडीवर उताणा. मी म्हटलं, काय गं, कुणी मेलं का? माझी जीभ अशीच, तुम्हाला ठाऊक आहे. उमेशनं मला आत नेऊन ताटली दाखवली. दोन दिवे. एक कडेनं कुरतडलेला. एकावर समोरच्या दातांची सगळी ओळ. मग त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवशी मी लाईट न जोडताच परत आलो.

उमेश ती नोकरी सोडायला निघाला होता. तळेगावला कंपनीत काम मिळत होतं. सुषमा हललीच नाही. शेवटची ओळ तिनं त्या रात्री पुन्हा म्हटली नाही आणि त्यानंतर कधीच नाही. त्यांचं दार रात्री उघडं असतं. पाऊस आत येतो, साप येईल, कुत्री येतात, उमेश भांडतो. ती ऐकत नाही. ती म्हणते, आधी मला ठाऊक तर होऊ दे, तो कुठल्या बाजूला आहे.

पुढच्या वर्षीच्या अवसेला मी मुद्दाम गेलो होतो. उमेश म्हणाला, आबा, आज रात्री हितंच ऱ्हावा. मीही भीत भीत राहिलो. झोप कसली येते? सुषमानं कणकेचे दिवे उकडले. घरातल्या सगळ्यांचे, आणि एक जादा. तो तिनं उंबऱ्याच्या आत ताटलीत ठेवला. धुकं दारापर्यंत आलं होतं. रात्रभर काही वाजलं नाही. पावलं नाहीत, थेंब नाहीत, गाणं नाही. पहाटे माझा डोळा लागला असेल नसेल…

आरतीनं मला हलवून उठवलं. सात वर्षांची झालेली. समोरचे दोन नवे दात आलेले, फावड्यासारखे मोठे. ताटली माझ्यापुढं धरली तिनं.

"म्या न्हाई खाल्ला, आबा. आयची शप्पत."

दिवा चावलेला होता. समोरून, मधोमध. मी चष्मा लावला, दारातल्या उजेडात ताटली नेली आणि कणकेतल्या खुणा बघितल्या. दोन्ही बाजूंच्या दातांच्या खुणा होत्या. मधल्या दोन नव्हत्या.

त्याचे समोरचे वरचे दोन दात पडले होते.